जन्मताच टोचलेला कान

सोनारानं कान टोचले की दुखत नाहीत, असं म्हणतात. ज्यानं कुणी ही म्हण काढली त्यानं आयुष्यात एकदाही कान टोचताना पोर धरलेलं नसणार. मी धरलेली आहेत. रत्नागिरीच्या बाजारपेठेत आमचं सोन्याचांदीचं लहानसं दुकान आहे, आणि लग्न होऊन आल्यापासून त्यातलं माझं काम ठरलेलं आहे: यजमान तार ओवणार आणि मी डोकं धरणार. बाराव्या दिवसाचं बाळ असो की दोन वर्षांचं दांडगं कार्टं, कपाळ आणि हनुवटी अशी पकडायची की मान हलता कामा नये. पोराची आई बहुतेक वेळा तोंड फिरवून बाहेर पायरीवर उभी असते. आजी "झाला हां, झाला" करत असते. पोर जीव खाऊन ओरडतं, आणि ते माझ्याकडे बघून ओरडतं, कारण दुखवणारी मीच असं त्याला वाटतं.

मला मूल नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी च्च् च्च् करायला नको. दुकानात येणाऱ्या बायका करतात तेवढं पुरे. "बाळं काय छान धरता हो तुम्ही," असं म्हणतात आणि मग एकदम गप्प होतात. मी त्यांना हळद-तेल कसं लावायचं ते सांगते आणि वाटेला लावते.

आमच्या यजमानांच्या उजव्या कानापाशी एक भोक आहे. पाळीला नव्हे. कान जिथं गालाला चिकटतो तिथं वरच्या अंगाला, टाचणी टोचल्यासारखं बारीक. जन्मापासूनचं. सासऱ्यांनाही तस्संच होतं. सासूबाई कौतुकानं सांगायच्या, "सोनाराचा पोर तो. घरूनच टोचून आला." लग्नानंतर पहिल्यांदा मला ते दिसलं तेव्हा मी बोट लावून बघितलं होतं आणि हे लाजले होते. ते भोक म्हणजे मला माझ्या नवऱ्यावरची खूण वाटायची. हा माणूस माझा, आणि ही त्याची निशाणी. अशी निशाणी आणखी कुणाकडे असू शकते हे डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं.

ते यायला कारण झालं डॉक्टरीणबाईंमुळे. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलेना म्हणून आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्या म्हणाल्या, दोघांच्याही तपासण्या करू. रिक्षातून परत येताना हे म्हणाले, "माझी तपासणी करून काय होणार नाही गो. माझं ठीक आहे."

"कशावरून?"

"मला माहीत आहे."

पुरुष असं म्हणतातच, म्हणून मी जरा सुनावलं. घरी आल्यावर तांब्याभर पाणी उभ्यानं प्यायले आणि मग सांगितलं. मुंबईला कॉलेजात असताना, वसतिगृहात राहत असताना, जवळच एक प्रयोगशाळा होती. ज्या जोडप्यांना पुरुषाच्या बाजूनं मूल होत नाही त्यांच्यासाठी तिथं शिकणाऱ्या मुलांकडून वीर्य घेत. खोलीतला एक जण जायचा, त्याच्याबरोबर हेही जायला लागले. काही महिने गेले. मग सासरे आजारी पडले, शिक्षण सोडून हे दुकानावर येऊन बसले, आणि तो विषय संपला. तिथं म्हणे उंची विचारली, रंग बघितला, रक्तगट तपासला, शिक्षण विचारलं. म्हणजे स्थळ बघताना विचारतात तेवढंच. पत्रिका तेवढी मागितली नाही.

"मग झाली का मुलं?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक? सांगत नाहीत. त्यांनाही आपलं नाव सांगत नाहीत, आपल्यालाही त्यांचं नाही. ठरलेलंच तसं होतं."

तपासण्यांत दोष माझ्याकडे निघाला. आता विचार करा. हा माणूस, ज्याची मुलं कुठं ना कुठं तरी नक्की वाढत असणार. आणि मी, जी जगातली एकमेव बाई त्याच्याशी लग्न करून बसलेली, तिला ते होणार नाही. मला रडू आलं नाही. माझा जळफळाट झाला. कुठल्या कुठल्या बायका, ज्यांनी ह्याचं तोंड बघितलेलं नाही, ज्यांना हा घोरतो हे ठाऊक नाही, त्यांच्या मांडीवर ह्याची पोरं. मी ह्याचे डबे भरणार, ह्याच्या बापाचं दुखणं काढणार, आणि नाक-डोळे जाणार परक्या घरी.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, दुसऱ्या बाईचं बीज घेता येईल, बाकी सगळं तुझ्याच पोटात, नऊ महिने तूच वाढवशील. यजमानांना पटलं होतं. मला मात्र त्या खोलीत बसवेना. पुन्हा दुसरीचं आणि ह्यांचंच! बाहेर कमी होतं म्हणून आता माझ्याच पोटात! "नको," मी म्हटलं, आणि ते नकोच राहिलं. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. माझा स्वभाव मला माहीत आहे. मी त्या पोराच्या प्रत्येक हसण्यात दुसरी बाई शोधली असती.

तेव्हापासून मला कानांचं वेड लागलं. आमच्या धंद्यात ते लपूनही गेलं, कारण सोनाराची बायको कान बघणारच. पण मी पाळी बघायची नाही, मी वरची बाजू बघायची. बाळाचं जावळ मागे सारायचं, आधी उजवा, मग डावा. गावातली मुलं तर गावातलीच, त्यांचे बाप मला ठाऊक. तरी बघायची. आणि मुंबईकर दिसले की विचारूच नका. मे महिन्यात आरे-वारेला पाहुण्यांना घेऊन गेलो की पाहुणे समुद्र बघायचे आणि मी लोकांची पोरं. एकदा एका मुलाच्या कानापाशी काळा ठिपका दिसला. मी त्याच्या मागे मागे सरबताच्या गाडीपर्यंत गेले, त्याच्या शेजारी उभी राहून नको असताना कोकम सरबत प्यायले, आणि वाकून बघितलं तर तीळ. त्याच्या आईनं त्याला झटकन जवळ ओढलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी मुलं पळवणारी आहे. वाईट वाटायच्या ऐवजी मला हायसं वाटलं. हे लांब चपला हातात घेऊन उभे होते. "पुरे आता," एवढंच म्हणाले.

मिळालं असतं तर मी काय केलं असतं, ते मला सांगता येणार नाही. शोधत होते खरी, पण सापडू नये म्हणून शोधत होते. प्रत्येक कान कोरा निघाला की तेवढा दिवस नवरा माझा एकटीचा.

आता तर कायदाच आहे, देणाऱ्याचं नाव कुणाला सांगायचं नाही. वर्तमानपत्रात त्यावर कुणीतरी लिहिलं होतं की अशा मुलांना आपलं मूळ कळण्याचा हक्क असायला हवा. यजमान ते वाचून विचारात पडले. मी त्याच पानावर भाजी निवडली. मला तो कायदा फार आवडला होता.

पण कायदा करणाऱ्यांना थुंकीचं काय माहीत? आमच्या नणंदेची मुलगी लग्न होऊन परदेशी असते. तिकडे म्हणे हौसेनं नळीत थुंकून पाठवायची पद्धत आहे. मग तुमचे पूर्वज कुठले आणि तुमचं रक्ताचं कोण कोण आहे ते मोबाइलवर येतं. हिनं थुंकी पाठवली आणि विसरून गेली. एके दिवशी तिला कळवण्यात आलं की तुमच्या आईकडची एक सख्खी मामे किंवा मावस बहीण सापडली आहे. हिला मावशी नाही, मामा एकच, तो आमच्या घरातला, आणि त्याला मूल नाही हे हिला जन्मापासून माहीत. तिनं आईला विचारलं नाही, मामाला विचारलं नाही. फोन केला तो मला.

"मामी, तू बसलीयेस ना?" म्हणाली.

ती मुलगी ठाण्याची. शिकायला दोन वर्षं परदेशी होती, तिथंच तिनंही ते थुंकायचं प्रकरण केलं. तिच्या आईनं ती मोठी झाल्यावर तिला खरं सांगितलं होतं. तिनं भाचीला लिहिलं होतं, मला काही मागायचं नाही, घरात कुणाला काही दुखणी आहेत का तेवढं कळलं तर बरं, आणि जमलं तर एकदा लांबून बघायचं आहे.

"लांबून बघायला ते काय दीपस्तंभ आहेत?" मी म्हटलं.

भाची हसली नाही. "मामी, तिला आपलं अर्धं अंग कुठून आलं ते माहीत नाही गं."

मला माझा संताप झालेला स्पष्ट आठवतो. हिला आई आहे, बाप आहे, शिक्षण आहे, परदेश झाला. आणि वर आता माझा नवराही हवा. ह्यांना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं हे घाबरतील, म्हणतील की आम्हाला शब्द दिला होता, नाव फुटायचं नाही असा. घाबरले खरे. बराच वेळ हातातला चिमटा कापडानं पुसत बसले, तो स्वच्छ असताना. मग म्हणाले, "आज एक आली. आणखी किती असतील कुणास ठाऊक." आणि लगेच, "पण दुखणी सांगायला हवीत गो. ती काय माझी एकट्याची आहेत? तिच्याही अंगात असतील."

मला नाही म्हणता येईना. ह्यांच्या घरात साखर आहे, चाळिशीच्या आत येते. सासरे शेवटी पायाच्या जखमेनं गेले. हे लपवणं म्हणजे पाप झालं असतं, आणि मी मत्सरी आहे, पापी नाही. भाचीला फोनवर सगळं सांगितलं. मी अट घातली की नाव, गाव, दुकान काही कळवायचं नाही आणि भेटायचं तर मुळीच नाही. भाचीनं कबूल केलं. त्या दिवशी जेवताना ह्यांनी आमटी भातावर घ्यायची सोडून ताटात ओतली.

आमच्या भाचीला एक कळलं नाही. ती लग्न झालं तरी माहेरचं आडनाव मधे लावते, आणि नणंदेनं हौसेनं आपलंही माहेरचं आडनाव मुलीच्या माहितीत घालायला लावलं होतं. तुमच्या त्या थुंकीच्या कंपन्यांना वाटत असेल की आडनाव म्हणजे आडनाव. कोकणात आडनाव कळलं की गाव कळतं, गाव कळलं की वाडी, आणि सोनार म्हटल्यावर तर दुकानाची पाटीच. बाजारपेठेत आमच्या आडनावाचं एकच दुकान. ती ठाण्याची पोरगी हुशार होती. हुशारी कुठून घेतली होतीन ते मी बोलत नाही.

श्रावणातली दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. मी काउंटरमागे जेवणानंतरची बडीशेप चघळत होते. दारात एक मुलगी येऊन उभी राहिली, पाठीला पिशवी, छत्री मिटलेली. एका पायावर भार टाकून दुसरा पाय तिरका ठेवून ती उभी होती आणि पाटी वाचत होती. ते तिरकं उभं राहणं मी इतकी वर्षं बघत आले आहे. बस येईपर्यंत हे असेच उभे राहतात, देवळात असेच उभे राहतात. कान अजून केसांखालीच होता.

"कान टोचायचेत," ती म्हणाली. "खाली आहेत. वर दुसरं भोक पाडायचंय."

तिनं केस मागे घेतले. उजव्या कानापाशी, वरच्या अंगाला, टाचणी टोचल्यासारखं.

इतकी वर्षं शोधलं आणि शेवटी ते आपल्या पायानं चालत दुकानात आलं. तिला हाकलून द्यावंसं वाटलं. "आज बंद आहे" हे शब्द तोंडात तयार होते. यजमान आतल्या बाजूला मंगळसूत्र गाठवत होते, त्यांनी मान वर केली नव्हती. एक वाक्य बोलले असते तर ती निघून गेली असती, त्यांना कळलंही नसतं. तेवढ्यात तिनं पाठीवरची पिशवी काढली आणि त्यातून एक नारळ काढून काउंटरवर ठेवला. मग प्लॅस्टिकच्या पुडीतले तांदूळ. मग सुपारी.

"हे बाबांनी दिलंय," म्हणाली. "म्हणाले, सोनाराकडे कान टोचायला जाताना रिकाम्या हातानं जायचं नसतं."

ही जुनी रीत. बाळाचे कान टोचले की सोनाराला नारळ, तांदूळ, सुपारी द्यायची. आता कुणी आणत नाही, मोबाइलवरून पैसे पाठवतात. पण रीत सगळ्यांसाठी नाही. घरच्या पोराचे कान टोचताना सोनार नारळ घेत नाही. ह्याच भाचीचे कान ह्याच स्टुलावर टोचले तेव्हा नणंद हात हलवत आली होती आणि उलट मामानं पदरचं सोनं घातलं होतं. नारळ येतो तो परक्याकडून. ज्यानं नारळ पाठवला तो म्हणतो, पोर आमचं, तुम्ही फक्त सोनार.

"तुझे बाबा मूळचे कुठचे?" मी विचारलं.

"दाभोळचे. लहानपणीच मुंबईला आले."

"तू इथं आलीयेस ते ठाऊक आहे त्यांना?"

"त्यांनीच गाडीत बसवून दिलं. आई नको म्हणत होती." तिनं नारळावर बोटं टेकवली. "स्टँडवर नारळ घेतला त्यांनी. चार-पाच वाजवून बघितले आणि मग हा घेतला."

मी त्या माणसाला बघितलेलं नाही, कधी बघणारही नाही, पण ठाण्याच्या स्टँडवर नारळ कानाशी धरून वाजवणारा तो गृहस्थ मला माझ्या सख्ख्या भावाहून ओळखीचा वाटला. त्यालाही असंच पोखरत असणार. पोरीच्या अंगात दुसऱ्याचं काय काय आहे ते शोधत त्यानंही रात्री काढल्या असणार. तरी त्यानं तिला अडवलं नाही. तिकीट काढून दिलं, आणि हातात नारळ दिला. मी तो दोन्ही हातांनी उचलून देवापुढे ठेवला, आणि आत वळून म्हटलं, "अहो, कान टोचायला आलीये. ठाण्याची."

ठाण्याची म्हटल्यावर त्यांच्या हातातले मणी सांडले. ते उठले, हात धुतले, तार तापवली, पुसली. ती स्टुलावर बसली. मोठ्या माणसांचं डोकं कुणी धरत नाही, पण मी सवयीनं जाऊन मागे उभी राहिले आणि धरलं. तिनं डोकं माझ्या हातावर टाकलं, अगदी भार देऊन. मऊ केस, प्रवासाच्या घामानं चिकट झालेले. मला ते डोकं सोडून द्यावंसं वाटलं आणि धरून ठेवावंसंही वाटलं, आणि ह्या दोन्हींचा मला राग आला. ह्यांनी तिचा कान दोन बोटांत धरला आणि ते भोक बघितलं. गावभरच्या पोरांचे कान टोचलेला त्यांचा हात तिथंच थांबला.

"टोचा," मी म्हटलं. "पोर ताटकळलंय."

त्यांनी टोचलं. ती हललीसुद्धा नाही. डोळ्यांतून पाणी आलं, पण तसं सगळ्यांच्याच येतं. मी हळद-तेल लावलं. मग तिनं मान वर करून सरळ त्यांच्या कानाकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्हालाही आहे?"

"आहे," ते म्हणाले. "माझ्या वडिलांनाही होतं." आणि एवढं बोलून, "चहा सांगून येतो," म्हणत चपला उलटसुलट घालून बाहेर पडले. चहावाला समोरच आहे, हाक मारली की येतो. ते वळसा घालून जेटीच्या बाजूला गेले ते मला काचेतून दिसलं.

आम्ही दोघीच राहिलो. मला वाटलं आता ही रडेल, किंवा आभार मानेल, आणि दोन्हींसाठी मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं. ती दुकानात सगळीकडे बघत होती. खिळ्याला अडकवलेला त्यांचा सदरा, खिडकीतला चष्मा, आमचे दोन डबे एकावर एक.

"काकू," ती म्हणाली, "मला तुमचा फार हेवा वाटतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"म्हणजे तुम्हाला त्यांचं सगळं माहीत आहे. विचारायलाही लागत नाही. मी इथं येताना प्रश्न लिहून आणणार होते, पण काय विचारायचं तेच कळेना. मला काय माहीत नाही हेच मला माहीत नाही."

इतकी वर्षं जिचा हेवा करत मी परक्या पोरांचे कान बघत हिंडले, ती माझ्यासमोर बसून माझाच हेवा करत होती. खरं सांगते, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. तिच्याकडे रक्त होतं, आणि ते घेऊन ती माझ्या दारात आली होती मागायला. मी काउंटरमागचं स्टूल तिच्याजवळ ओढून बसले.

"विचार," मी म्हटलं. "नाहीतर राहू दे, मीच सांगते."

मी सांगत गेले. रागावले की बोलत नाहीत, चांदीची भांडी घासायला घेतात. ती म्हणाली, "मी ओटा घासते," आणि तोंडावर हात ठेवून हसली. मला टोचलं. वांगं खात नाहीत, जिभेला खाज येते. "मलाही!" पुन्हा टोचलं. पाण्याला भितात, समुद्राकाठी जन्म गेला तरी घोट्याच्या वर पाणी येऊ देत नाहीत. ती म्हणाली ती छान पोहते, बाबांनी शिकवलं. त्यानं मला गारगार वाटलं. गाता येत नाही, आरतीलाही सूर सोडून जातात. तिला गाता येतं, तेही म्हणे आईकडून आलं. मी मनात तिच्या आईला पहिल्यांदाच चांगलं म्हटलं. सावलीतून उन्हात आले की शिंकतात. ती नुसतीच माझ्याकडे बघत राहिली, आणि तिला बोलायची गरज नव्हती, कारण रिक्षातून उन्हात उतरताना ती शिंकली असणार हे तिच्या तोंडावर दिसत होतं. साखरेचं पुन्हा नीट बजावलं. पायाला जखम झाली तर अंगावर काढायचं नाही, सासऱ्यांनी काढलं आणि काय झालं ते सांगितलं. लहानपणी कसे पडले, कपाळावरचा वण कुठला, आई गेली तेव्हा किती दिवस दुकान उघडलं नाही. ती ऐकत होती, बोटानं नव्या भोकाशी चाळा करत होती. मी तिचा हात दोनदा खाली केला.

समोरून हे येताना दिसले. हातात किटली होती, ती त्यांनी स्वतःच धरली होती, पोऱ्याला दिली नव्हती. डोळे लाल होते. रस्ता ओलांडायला गाड्या जायची वाट बघत ते एका पायावर भार टाकून उभे होते.

"आणखी काही?" तिनं घाईनं विचारलं.

आणखी एक गोष्ट होती. ती रोगाची नव्हती, खोडीची नव्हती, तिच्या अंगात कुठं उतरली असण्यातली नव्हती. माझ्याशिवाय ती कुणालाच माहीत नाही. सासूबाईंना नव्हती, नणंदेला नाही, ह्यांनाही मला माहीत आहे हे ठाऊक नाही. ती ओठांवर आली. त्या पोरीच्या तोंडाकडे बघून ती जवळजवळ बाहेर पडलीच होती.

"नाही," मी म्हटलं. "एवढंच."

तिच्या हक्काचं होतं ते सगळं मी दिलं, त्यातलं काही हातचं राखलं नाही. ही एक गोष्ट तिच्या हक्काची नव्हती. तुमच्याही नाही.